रबर गळून पडतं तेव्हा

पत्र थोडक्यात: माझे वडील ६३ वर्षांचे. सोलापूर जिल्ह्यातल्या गावी शेती आणि चार म्हशी आहेत. दारूचा थेंब कधी घेतला नाही. अठरा वर्षं साखर आहे, आणि दोन वर्षांपूर्वी लिव्हरला सिरोसिस झाल्याचं कळलं. दीड महिन्यापूर्वी पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली. भाऊ आणि काका म्हणत होते, तालुक्याला सलाईन लावून बघू. मी पुण्याहून फोनवर हट्ट धरला, म्हणून त्यांना सोलापूरला नेलं. तिथे दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना सहा बँड टाकले. पाचव्या दिवशी घरी सोडलं. नवव्या दिवशी सकाळी शी काळी झाली. लोहाच्या गोळ्यांमुळे असेल, असं आम्हाला वाटलं. रात्री ताज्या रक्ताची उलटी झाली. दवाखाना गाठायला दोन तासांवर वेळ लागला. तीन पिशव्या रक्त चढवलं आणि हिमोग्लोबिन ७.८ झाल्यावर थांबवलं. डॉक्टर म्हणाले, शीर फुटलेली नाही, बँड गळून पडला तिथल्या जखमेतून रक्त आलं. म्हणजे उपचारानंच रक्त आलं ना? भाऊ म्हणतो, तुझ्या हट्टापायी बाबांच्या नळीला भोक पाडलं, वर रक्तही पुरतं दिलं नाही. काका एका वैद्यांचा काढा आणणार आहेत. आई म्हणते, नळी घातल्यापासून त्यांना घास गिळताना त्रास होतो. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बँडिंगला बोलावलंय, आणि बाबा ‘आता नळी नाही’ म्हणून बसलेत. सोलापुरात मावशी राहते, पण तिच्याकडे मुक्कामही त्यांना नको आहे. मी चुकले का? आणि आता काय करू?

तुमच्या पत्रातला एक प्रश्न बाकी सगळ्यांच्या मुळाशी आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. उपचारानंच रक्त आलं ना? हो, तसंच झालं. डॉक्टरांनी ते लपवलं नाही, ही त्यांच्या बाजूची जमा. पण त्या एका ‘हो’मागून तुमच्या घरात तीन-चार ‘म्हणून’ शिरलेत. म्हणून बँड टाकायला नको होते, म्हणून तुमचा हट्ट चुकला, म्हणून आता दुर्बीण बंद. यातला एकही त्या ‘हो’तून निघत नाही.

मी पोटविकारांचा तज्ज्ञ नव्हे. तीस वर्षं तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम केलं, आणि रक्ताच्या उलटीचा पेशंट बहुतेक वेळा पहिल्यांदा आमच्यासारख्यांच्याच दारात येतो. तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, त्यांच्याकडे जाण्याआधी ओसरीवर बसून केलेलं बोलणं समजा.

वडील शेतकरी आहेत, तर त्यांनाही सांगता येईल असं सांगतो. आतड्यांचं आणि प्लीहेचं रक्त पोर्टल नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये येतं, मिनिटाला जवळपास लिटरभर. सिरोसिसमध्ये लिव्हर कडक आणि गाठीगाठींचं होतं. कालव्याचं दार गाळानं बुजलं तरी मागचं पाणी येतच राहतं, ते बाजूच्या चाऱ्यांत घुसतं, आणि त्या चाऱ्या एवढ्या पाण्यासाठी खोदलेल्या नसतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा म्हणजे या चाऱ्या. तुंबलेला दाब मोजताही येतो. निरोगी माणसात लिव्हरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरच्या आत असतो, १० पर्यंत गेला की शिरा फुगायला लागतात, १२ च्या पुढे त्या फुटू शकतात. दारू न पिणाऱ्या माणसातही हे होतं. साखर आणि लिव्हरमधली चरबी यांची जोडी अठरा वर्षांत तेवढं सहज करते. गावात कुणी कुजबुजत असेल, तर आईला हे जरूर सांगा.

आता रबराकडे येऊ. दुर्बिणीच्या टोकाला एक पारदर्शक टोपी असते आणि तिच्यावर सहा-सात रबरी कड्या ताणून बसवलेल्या असतात. फुगलेली शीर त्या टोपीत ओढून घ्यायची आणि कडी सोडायची. मूळव्याधीच्या कोंबाला रबर लावतात तीच युक्ती. अमेरिकेतल्या डेन्व्हरचे सर्जन ग्रेग स्टीगमन यांनी १९८० च्या दशकात ती अन्ननलिकेत नेली. कडीत आवळलेल्या भागाचं रक्त बंद होतं, तो काळा पडतो, मरतो आणि काही दिवसांत कडीसकट गळतो. कडी शीवाटे निघून जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. मागे उथळ जखम राहते. ती दोन-तीन आठवड्यांत भरते, आणि भरताना जो वण धरतो त्यामुळे ती शीर सहसा पुन्हा डोकं वर काढत नाही.

म्हणजे जखम हा अपघात नाही. जखम व्हावी म्हणूनच बँड टाकतात. ‘नळीला भोक पाडलं’ हे भावाचं म्हणणं शब्दशः चूक आहे, कारण भोक पडणं ही वेगळी, फार क्वचित होणारी आणि फार गंभीर गोष्ट आहे. पण ‘जखम केली’ एवढं म्हणाला असता, तर त्याला बरोबरच म्हणावं लागलं असतं.

बहुतेकांची ही जखम गाजावाजा न करता भरते. छातीत दोन-तीन दिवस दुखतं, गिळताना बोचतं, एखाद्या दिवशी अंगात कणकण असते. काहींचा बँड मात्र आतली शीर नीट गोठायच्या आधीच सुटतो आणि तिचं तोंड उघडं पडतं. हे साधारण पाचव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत केव्हाही होतं. तुमच्याकडे नववा दिवस होता. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण ढोबळपणे शंभरात तीन ते सात-आठ निघतं. लिव्हर जितकं थकलेलं तितका धोका जास्त, आणि आधी ठरवून टाकलेल्या बँडपेक्षा रक्त वाहत असताना घाईनं टाकलेल्या बँडला जास्त. वडिलांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी होत्या.

आता तागडीच्या दुसऱ्या पारड्यात बघा. सिरोसिसच्या माणसाची शीर एकदा फुटली आणि पुढे काहीच केलं नाही, तर वर्ष-दोन वर्षांत शंभरातल्या साठेक जणांना पुन्हा रक्त पडतं आणि साधारण तेहेतीस जण दगावतात. त्या पहाटे तर पुन्हाचा प्रश्नच नव्हता, रक्त चालूच होतं. आजही, सगळे उपचार हाताशी असताना, अशा रक्तस्रावानंतरच्या सहा आठवड्यांत शंभरातले पंधरा-वीस जण जातात. तुमचे वडील त्या सहा आठवड्यांच्या पार आलेत. तालुक्याला सलाईन लावून थांबला असतात तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही, पण नुसत्या सलाईननं वाहती शीर बंद होत नाही एवढं नक्की. मी स्वतः अशा रात्री सलाईन लावलंय, ते फक्त गाडी येईपर्यंतच्या वेळासाठी.

बँडच्या आधी काय होतं, हेही भावाला सांगून पाहा. तेव्हा शिरेत सुईनं औषध टोचून ती गोठवत. ही पद्धत १९३९ मध्ये स्वीडनमध्ये निघाली आणि १९८० च्या दशकात जगभर पसरली. तिच्यात खोल जखमा होत, अन्ननलिका आवळून अरुंद होई, छातीत पाणी होई, कधी खरंच भोक पडे. १९९२ मध्ये स्टीगमन आणि सहकाऱ्यांनी १२९ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा उपचारामुळे झालेली गुंतागुंत इंजेक्शनच्या गटात २२ टक्के आणि बँडच्या गटात २ टक्के निघाली. आज जगभर बँड वापरतात ते म्हणून.

रक्त कमी दिल्याच्या तक्रारीत तर काहीच दम नाही. लिव्हरच्या पेशंटला हिमोग्लोबिन सात-आठच्या आसपास ठेवण्यापुरतंच रक्त देतात. जास्त चढवलं तर तुंबलेल्या कालव्यात आणखी पाणी सोडल्यासारखं होतं, दाब वाढतो आणि शीर पुन्हा फुटते. ७.८ ला थांबणाऱ्या डॉक्टरांचं डोकं ठिकाणावर होतं.

मग तुमच्या घरी काही चुकलंच नाही का? चुकलं, आणि ते रबराशी संबंधित नाही. पाचव्या दिवशी घरी सोडताना ‘पुढचे दहा दिवस खरे जोखमीचे आहेत, काळी शी दिसली की निघा’ हे वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचलं नाही. कदाचित कुणी बोललंही असेल. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ असेलही. पण जी सूचना आईला समजली नाही, ती दिली गेली असं मी तरी मानत नाही. त्यामुळे सकाळची काळी शी रात्रीपर्यंत घरात राहिली, आणि दवाखाना दोन तासांवर. पत्र वाचताना मला त्या नळीपेक्षा या बारा तासांची जास्त भीती वाटली. पुढच्या वेळी हेच तास वाचवायचे आहेत.

काळ्या शीचा घोटाळा घरोघरी होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. लोहाच्या गोळीनं होणारी शी काळपट-हिरवट आणि बांधलेली असते. रक्ताची शी डांबरासारखी चकचकीत, चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून बसणारी, आणि तिचा उग्र वास एकदा आला की विसरत नाही. तरी बँडिंगनंतरच्या दोन आठवड्यांत हा फरक घरी ओळखत बसूच नका. काळी दिसली की फोन करा आणि गाडीत बसा. त्या दोन आठवड्यांत लोहाच्या गोळ्या थांबवता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारलंत तर घोटाळ्याचं मूळच जाईल.

आणखी एक फसगत नाडीची. रक्त जात असलं की नाडी धावते, असं आपण सगळेच शिकलेलो. पण वडिलांना कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल चालू असणार, आणि ही औषधं नाडी मुद्दाम संथ ठेवतात. त्यामुळे गावातल्या कुणी हात धरून ‘नाडी चांगली आहे’ म्हटलं, तर त्यावर विसंबू नका. उभं राहिल्यावर अंधारी येणं, गार घाम, दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं जास्त खरी. शेवटची दोन दिसली तर पोटात साठलेल्या रक्तानं मेंदूवर परिणाम सुरू झालेला असू शकतो. छातीत असह्य दुखून धाप लागली किंवा ताप चढला, तरी तोच रस्ता धरा.

निघायच्या घाईत तोंडावाटे काहीही देऊ नका. लिंबूपाणी नको, ग्लुकोज नको, ‘थोडा चहा घ्या, बरं वाटेल’ही नको. डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. १०८ ला फोन करा, पण ती गाडी लांब असेल तर गावातली जी गाडी उभी असेल ती घ्या. सगळ्यात महत्त्वाचं, रात्री-अपरात्री दुर्बीण कुठे होते आणि रक्तपेढी कुठे आहे, हे आज, दिवसाउजेडी शोधून ठेवा. ‘हॉस्पिटल मोठं आहे’ याचा अर्थ रात्री दोन वाजता बँड टाकणारा माणूस तिथे आहे असा होत नाही. फाईलच्या प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या आणि भावाच्या फोनमध्ये असू द्या, रक्तगटासकट.

आता आईचं म्हणणं. बँडिंगनंतर पहिले काही दिवस घास बोचणं साहजिक आहे. पण आता महिना उलटलाय. अजूनही भाकरीचा घास अडकत असेल आणि पातळ जात असेल, तर जखम भरताना नळी थोडी आवळली गेल्याची शक्यता आहे. बँडनंतर हे क्वचित होतं आणि झालं तरी दुर्बिणीतून ती हळूहळू रुंद करता येते. काही वेळा मात्र नळी ठीक असते आणि अडकते ती भीती. आईला एवढंच बघायला सांगा की काय अडकतं: पाणी, मऊ भात की फक्त कडक भाकरी? दिवसेंदिवस वाढतंय की कमी होतंय? ही चार वाक्यं डॉक्टरांना पाच मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतील. पाणी किंवा थुंकीही उतरेनाशी झाली, तर मात्र त्याच दिवशी जायचं. आणि गंमत बघा, आईची ही तक्रार खरी असेल तर तिचा उलगडाही बहुधा दुर्बिणीनंच होणार.

पुढच्या वेळी बँड टाकले तर पहिला दिवस गार-कोमट पातळ पदार्थ, मग आठवडा-दहा दिवस पेज, आसट भात, मुगाची खिचडी, ताक, दुधात चुरलेली मऊ पोळी. कडक भाकरी, पापड, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, वाफाळता चहा हे सगळं जखम भरेपर्यंत बाजूला. मीठ कमी, म्हणजे लोणचंही बाहेर. पण लिव्हर बिघडलंय म्हणून डाळ, दूध, अंडी बंद करणारी घरं मी खूप पाहिलीत, आणि ती चूक आहे. या आजारात अंगावरचं मांस झडतं, त्यामुळे प्रथिनं कमी नाही, पुरेशी लागतात. रात्री झोपताना कपभर दूध किंवा दोन घास खिचडी द्या, पहाटेपर्यंत उपाशी ठेवू नका. साखर आहे म्हणून प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि घरातला औषधांचा डबा. छातीत दुखतंय म्हणून कुणी कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान, डिस्प्रिन दिली, तर ताज्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल. दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला एकूण दोन ग्रॅमच्या आत, तेही विचारून. जखम लवकर भरावी म्हणून देतात ती पॅन्टोप्रॅझोल थोड्या दिवसांचीच असते. ती वर्षानुवर्षं चालू राहते कारण बंद करायला कुणी सांगत नाही, आणि लिव्हरच्या पेशंटला त्यामुळे पोटातल्या पाण्यात जंतू होण्याचा धोका वाढतो. ती कधी थांबवायची, हे विचारून कागदावर लिहून घ्या.

काकांच्या काढ्याबद्दल मी जपून बोलतो, कारण काका वाईट नाहीत, घाबरलेत. वैद्यांना दोनच गोष्टी विचारायला सांगा. काढ्यात नेमकं काय काय आहे ते लिहून देतील का? आणि तुंबलेला दाब त्यानं किती उतरला, हे कशावरून ओळखणार? पहिल्याचं उत्तर ‘आमच्या घराण्याचं आहे’ असं आलं, तर तो काढा घरात येऊ नये. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असं लिव्हरला वाटत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही, वाद अजून आहे. पण ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच शिल्लक थोडी आहे, त्याच्यावर तो वाद मिटवून बघायची गरज नाही.

मग पुढचं बँडिंग करायचं का? माझं मत विचाराल तर हो, पण तारीख पाळायची म्हणून नव्हे. एका फेरीत सगळ्या शिरा मिटत नाहीत. साधारण दोन ते चार फेऱ्या लागतात, दोन-चार आठवड्यांच्या अंतरानं, आणि नंतरही तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाकाठी नजर टाकावी लागते. अर्धवट सोडलं तर जखमेची जोखीम घेऊन झाली आणि फायदा मात्र वाटेतच राहिला, असं होतं. रक्त पडून गेल्यामुळे डॉक्टर यावेळी थोडं थांबा म्हणतील, आधी जखम भरली का पाहतील, बँड कमी टाकतील. हे सगळं बोलण्यासारखं आहे, तर बोला. ‘करायचं की नाही’ एवढ्यावरच घर अडलेलं असलं की ‘कसं करायचं’ हे विचारायचं राहून जातं.

नुसत्या कार्व्हेडिलॉल-प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांवर भागेल का, असंही तुमच्या मनात आलं असेल. बँड चारीचं तोंड बांधतो, गोळी कालव्यातला दाब उतरवते. एकदा रक्त पडल्यावर दोन्ही मिळून जे काम होतं, ते एकट्यानं होत नाही. बावेनो या इटलीतल्या गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या शिफारशींतही हेच सांगितलंय. तरी वडिलांनी नकारच धरला, तर गोळी तरी एकही दिवस चुकता कामा नये आणि अचानक तर मुळीच बंद करू नये. वरचं ब्लडप्रेशर ९० च्या खाली राहू लागलं किंवा लघवी कमी झाली, तर मनानं डोस न बदलता फोन करा.

याच्या पुढची पायरी म्हणजे टिप्स. मानेच्या शिरेतून जाऊन लिव्हरच्या आतच एक जाळीदार नळी बसवतात, म्हणजे कालव्याला आतूनच दुसरी वाट करून देतात. बँड आणि गोळ्या असूनही रक्त पडत राहिलं तर तिचा विचार होतो. दाब झपाट्यानं उतरतो, पण रक्त लिव्हरला वळसा घालून जायला लागल्यामुळे काहींचा मेंदू गोंधळतो. ती सगळ्यांना झेपत नाही आणि मोठ्या शहरातच होते. आज तुम्हाला तिची गरज आहे असं पत्रावरून वाटत नाही. पण बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर या रक्ताच्या तपासण्यांवरून निघणारा, लिव्हर किती थकलंय ते सांगणारा मेल्ड स्कोअर किती आहे, आणि तो पाहता लिव्हर बदलण्याबद्दल आत्ताच एखाद्या केंद्रात दाखवून ठेवावं का, हे मात्र पुढच्या भेटीत विचारा. हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात, कारण तो उच्चारला की आशा सोडली असं त्यांना वाटतं. खर्चाबद्दल हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते तो फाईल बघून सांगेल.

ज्यांच्या घरी हीच बँडिंगची फाईल एखाद्या आठ-दहा वर्षांच्या मुलाची आहे, त्यांनी वरचे मृत्यूचे आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत. आपल्याकडे मुलांत या शिरा बऱ्याचदा पोर्टल शीर गोठल्यामुळे फुगतात आणि लिव्हर चांगलं असतं. जखमेची आणि काळ्या शीची काळजी तीच, पण पुढचं आयुष्य पुष्कळ वेगळं.

तुमच्या पत्रात भावाचं बोलणं आहे, काकांचं आहे, आईचं आहे. वडिलांचे मात्र तीनच शब्द आहेत: ‘आता नळी नाही.’ का नाही, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. सगळ्यांनी धरून चाललंय की त्यांना रक्ताची भीती बसली.

माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर यायचे. आजार हाच. पहिल्या बँडिंगनंतर ते जाईनात. मुलं समजावून थकली, मी आकडे सांगून थकलो. एकदा सहज विचारलं, त्या रात्रीचं काय आठवतं? म्हणाले, हात बांधले होते. आयसीयूत भ्रमात सुई उपटतील म्हणून नर्सनं पट्ट्यांनी हात कॉटला बांधले होते. शुद्ध आल्यावरही तासभर तसेच होते आणि सून समोर उभी होती. नळीचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पुढच्या वेळी ठरवून गेले, दिवसा गेले, झोपेचं हलकं इंजेक्शन घेतलं, वीसेक मिनिटांत बाहेर आले. सुनेला मात्र त्यांनी बरोबर येऊ दिलं नाही.

तुमच्या वडिलांचं कारण वेगळं असेल. घाईच्या रात्रीची दुर्बीण आणि ठरवून केलेली दुर्बीण यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे त्यांना माहीत नसेल. गुंगीचं औषध लिव्हर पाहून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं, हेही माहीत नसेल. फोनवर नको, गावी जाऊन, दोघंच असताना विचारा. आणि सगळं ऐकून, समजून ते नाहीच म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे. तुमच्या हट्टाची वेळ ती पहाट होती, ती झाली.

मावशीकडच्या मुक्कामाचं मात्र मला थोडं वेगळं वाटतं. बँडिंगनंतर चौदा दिवस दुर्बीण असलेल्या दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं, यावर मी अडून बसलो असतो. पण ज्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत, त्याला चौदा दिवस सोलापुरात राहा म्हणणं म्हणजे काय, हे पुण्यातून दिसत नाही. त्यांना मावशी नको असेल असं मला वाटत नाही. तेव्हा भावाला फोन कराल तेव्हा रबराचा, रक्ताच्या पिशव्यांचा आणि हट्टाचा विषय काढू नका. पंधरवडाभर दोन्ही वेळच्या धारा कोण काढेल, एवढंच विचारा.